वसुलीची नोटीस वाचता यावी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. पुढे गावोगावी असे रोखे हिसकावून जाळण्यात आले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. ऋणकोची बाजू ऐकल्यावाचून आकडा खरा मानू नये, हे तत्त्व आजच्या कायद्यातही आहे. मात्र ती बाजू नेमकी कधी मांडावी, हे पुष्कळ कर्जदारांस ठाऊक नसते.

प्राथमिक कृषी पतसंस्थेचे उदाहरण घेऊ. थकबाकी झाल्यावर संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडे अर्ज करते. निबंधक चौकशी करून वसुली दाखला देतो. हा दाखला थकबाकीचा निर्णायक पुरावा ठरतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. त्यानंतर मागणी नोटीस, जप्ती, विक्रीचा जाहीरनामा आणि लिलाव असा क्रम लागतो. लिलाव झाल्यावरही ३० दिवसांच्या आत जाहीरनाम्यातील थकबाकी व्याजासह आणि खरेदीदारासाठी विक्री किमतीच्या ५ टक्के रक्कम भरल्यास विक्री रद्द करून घेता येते.

या क्रमातील खरी मेख कलम १५४ मध्ये आहे. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करावयाचा असेल, तर वसुलीयोग्य रकमेच्या ५० टक्के भरणा केल्याशिवाय तो विचारात घेतला जात नाही. दाखला निघण्यापूर्वी हिशेबावर हरकत घेण्यास अशी कोणतीही रक्कम भरावी लागत नाही. म्हणजे जे म्हणणे आधी एका अर्जावर मांडता आले असते, त्याच म्हणण्यासाठी नंतर निम्मे कर्ज उभे करावे लागते. नोटीस घेण्यास नकार देणे, हा अनेकांना बचावाचा मार्ग वाटतो. प्रत्यक्षात नकार दिलेली नोटीसही बजावली गेली असेच सामान्यतः मानले जाते आणि बोलण्याची संधी मात्र निघून जाते.

बँकेच्या कर्जाची वाट निराळी आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँका न्यायालयात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकतात. परंतु शेतजमिनीवरील तारण कलम ३१ ने त्यातून वगळले आहे. दिवाणी हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० शेतीची अवजारे, उपजीविकेस आवश्यक जनावरे, बी-बियाणे आणि शेतकऱ्याचे राहते घर यांना जप्तीपासून संरक्षण देते. अर्थात तारण दिलेल्या मालमत्तेची गोष्ट वेगळी. लोकअदालतीची नोटीस आल्यास घाबरू नये, पण तेथे उतावीळपणे सहीही करू नये; कारण तेथील तडजोडीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असून त्यावर अपील नाही.

वसुली ही अन्यायाची दुसरी बाजू आहे, असे मात्र मानू नये. पतसंस्थेत शेजाऱ्यांचे भागभांडवल असते आणि थकबाकी वाढली की पुढच्या हंगामातील पीककर्ज अडते. आक्षेप वसुलीवर नाही. तिच्या अज्ञानातून होणाऱ्या हानीवर आहे. निम्म्या रकमेची अट वेळकाढूपणाला आळा घालते हे खरे. परंतु पहिल्या नोटिशीचा अर्थच न कळलेल्या अल्पभूधारकावर तीच अट सर्वांत जड पडते. म्हणून दाखल्यापूर्वीची सूचना सोप्या मराठीत, मुद्दल व व्याज स्वतंत्र दाखवून आणि हरकतीची मुदत ठळकपणे नमूद करून दिली जावी.

विस्तार कार्यकर्त्याने वकील व्हावे, अशी अपेक्षा नाही. हंगामपूर्व मेळाव्यात बीजप्रक्रियेबरोबर अर्धा तास यासाठी ठेवला तरी पुष्कळ साधेल. दरवर्षी खातेउतारा मागून घ्यावा, भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपावी, कोऱ्या कागदावर सही करू नये, नोटीस स्वीकारून तीवर तारीख टाकावी आणि मुदतीत लेखी उत्तर देऊन पोच घ्यावी. महिला, अनुसूचित जाती व जमाती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य साहाय्य मिळते. तालुका समितीचा पत्ता प्रत्येक शेतकरी गटाकडे असावा. किडीचा प्रादुर्भाव आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोहोचण्यापूर्वी उपाय करावा, हे आपण शेतकऱ्यांना नित्य सांगतो. कर्जाच्या नोटिशीलाही तोच नियम लागू पडतो.