वखारीतील थप्पी आणि वाहतुकीचे भाडे

भाडे वाढले, ही तक्रार आपल्या दाल बाजारात नित्य ऐकू येते. परंतु त्यातील किती भाग आपल्याच वखारीत वाढतो, याचा विचार क्वचितच होतो. ग्वाल्हेर-श्योपूर ही दोन फुटी रुळांची गाडी २०२० पर्यंत चालली. मालवाहतुकीच्या काळी तिच्यातून पुढे जावयाचा माल येथे उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा भरावा लागे. ती गाडी गेली, दुहेरी उचल मात्र आपल्या वखारींत उरली.

गव्हाने ट्रकची जागा भरण्यापूर्वीच वजनाची मर्यादा भरते. म्हणून पोती कोंबण्यात बचत नाही. ती वेळ व सांडलवंड वाचविण्यात आहे. प्रत्येक पोते नेमके ५० किलोचे असावे, म्हणजे पोती मोजली की वजन झाले. तोंड दुहेरी शिवावे; थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, एक थर उभा व एक आडवा अशी रचावी; प्रथम जाणारा माल दाराशी ठेवावा. १०० किलोच्या पोत्याखाली हमालाची पाठ वाके व शिवणही उसवे.

खोळंबलेल्या ट्रकचा आकार आणि सांडलेले धान्य अखेर गिऱ्हाइकाच्या माथी बसते, आणि गिऱ्हाईक दुसरी पेठ शोधते. तरी आपल्या संस्थेने सर्व सभासदांसाठी पोत्याचे वजन व शिवण यांचा एकच नियम ठरवावा, ही नम्र विनंती. भाड्याचा दर आपल्या हाती नाही, थप्पी आहे.