कोर्टाची पायरी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सर्वांनीच ऐकली आहे. बी.कॉम. झाल्यावर एलएल.बी. करण्याचा विचार मी घरी बोलून दाखवला, तेव्हा काकांनी हीच म्हण ऐकवली. वर म्हणाले, "ज्याला दुसरे काही जमत नाही, तो वकील होतो." वर्गमित्रांचे मतही फारसे वेगळे नाही. सी.ए., एम.बी.ए., बँकेची परीक्षा. आणि यांतले काहीच साधले नाही तर 'लॉ'! हा समज चुकीचा आहे असे मला वाटते, म्हणून हे चार शब्द.

गेल्या वर्षी आजोबांबरोबर मी बेळगावच्या कोर्टात गेलो होतो. शेताच्या बांधाचा जुना दावा. त्यांच्या पिशवीतले वडिलांच्या वेळचे, १९५१ सालचे वाटणीपत्र मराठीत होते. तेव्हा आपला जिल्हा मुंबई राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरचे उतारे आणि नोटिसा कन्नडमध्ये. वकिलांनी आधारासाठी काढलेला उच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजीत. बांध एक आणि भाषा तीन! आजोबांना येते फक्त मराठी. पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर त्यांनी मला हळूच विचारले, "बाळ, ते आपल्या बाजूने बोलले की विरुद्ध?" चाळीस वर्षे ती जमीन कसणाऱ्या माणसाला स्वतःच्या दाव्यात काय चालले आहे, ते नातवाला विचारावे लागले.

मराठी शाळेत शिकलो म्हणून आपण इंग्रजीत कच्चे, आणि घरी मराठी बोलतो म्हणून कन्नडमध्ये परके, असे आपणच मानून बसलो आहोत. पण आजोबांसारख्या अशिलासमोर बसणाऱ्या वकिलाला या दोन्ही भाषा येणे किती मोलाचे आहे! वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर ज्याला आपण देणे समजतो, ते आपले भांडवल आहे.

आता व्यवहाराचे. पदवीधरांसाठी एलएल.बी. तीन वर्षांची आहे. खुल्या वर्गाला प्रवेशासाठी पदवीला किमान ४५ टक्के गुण लागतात. त्यानंतर वकिलीची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. काळा कोट हा एकच मार्ग आहे असेही नाही. २०१७ पासूनचा जी.एस.टी., २०१६ ची दिवाळखोरी संहिता, कंपनी कायदा या क्षेत्रांत ताळेबंद वाचता येणाऱ्याला गणिताची भीती वाटत नाही. बँकांत विधी अधिकारी लागतात, सरकारी वकील लागतात. न्यायाधीश व्हायचे असेल तर मात्र धीर हवा. दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा घातली.

अडचणी नाहीत असे मी म्हणत नाही. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. तेव्हा इंग्रजीशी झटापट अटळ आहे. पहिली वर्षेही ओढगस्तीची असतात. ज्युनिअर वकिलांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे भारतीय बार कौन्सिलने २०२४ मध्ये सुचवले. पण ती शिफारसच आहे. ज्याच्या घरी लगेच पगार यायला हवा, त्याने दुसरी वाट धरली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. माझी तक्रार आहे ती विचार न करताच या वाटेला 'शेवटची' म्हणणाऱ्यांबद्दल.

१९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि इतर गरजूंना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला. तो वकील अशिलाला कळेल असे बोलला, तरच त्या हक्काला अर्थ आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे काकांचे म्हणणे मला मान्य आहे. पण आजोबांना ती चढावीच लागली. अशा माणसाबरोबर त्याचे बोलणे समजणारा कुणीतरी असायला नको का?