'श्रमदान करताना विद्यार्थी'

महाविद्यालयीन शिबिराच्या अहवालात छायाचित्रांखाली ज्या ओळी छापलेल्या असतात, त्या मराठीच्या विद्यार्थ्याने एकदा तरी व्याकरणाच्या नजरेने वाचाव्यात. 'दीपप्रज्वलन करताना' या शब्दांपुढे 'मा.' येते, मग संपूर्ण नाव येते, मग पद येते. 'मार्गदर्शन करताना' आणि 'सत्कार स्वीकारताना' यांपुढेही तेच. पान उलटले की ओळ येते, 'श्रमदान करताना विद्यार्थी'. तिच्याखाली, 'आरोग्य तपासणीचा लाभ घेताना ग्रामस्थ'. येथे विशेषनाम संपते आणि सामान्यनाम सुरू होते. दिवा लावणारा नावानिशी उरतो. चर खोदणारा अनेकवचनात विरघळून जातो. आणि 'ताना' या प्रत्ययामुळे क्रिया कधी पुरी झाली की नाही, हेही कळत नाही. वर्षानुवर्षे आमचे विद्यार्थी श्रमदान करीतच आहेत, ग्रामस्थ लाभ घेतच आहेत.

या ओळी आम्हीच लिहिल्या आहेत. आम्ही म्हणजे वाशीम जिल्ह्यात मराठी शिकवणारे आणि अधूनमधून राष्ट्रीय सेवा योजनेचे काम अंगावर घेतलेले काही प्राध्यापक. तेव्हा पुढील आरोपपत्रात आरोपींच्या पिंजऱ्यात आधी आम्ही उभे आहोत, हे सांगून ठेवलेले बरे.

प्रत्येक शिबिरात एक विद्यार्थी असा असतो, की ज्याच्या हाती कुदळ नसते, घमेले नसते. त्याला सगळे 'फोटोवाला' म्हणतात. पूर्वी तो बहुधा कुणाचा तरी कॅमेरा मागून आणणारा असे. आता ज्याचा मोबाइल बरा, तो फोटोवाला. सकाळी उठल्यापासून समारोपापर्यंत त्याला हाका मारल्या जातात. सात दिवस सगळे शिबिर पाहणारा, स्वयंपाकघरापासून बौद्धिक सत्रापर्यंत कुठेही शिरू शकणारा तो एकमेव माणूस असतो. आमचे म्हणणे असे, की हा विद्यार्थी शिबिराचा खरा साक्षीदार आहे आणि आम्ही प्राध्यापकांनी त्याचा कारकून करून टाकला आहे. त्याने काय पाहिले हे आम्ही त्याला विचारत नाही. काय पाहायचे याची यादी त्याच्या हाती देतो.

मालेगाव तालुक्यातील एका गावचा प्रसंग सांगतो. मे महिना होता. ऊन चढण्यापूर्वी काम उरकावे म्हणून मुले सहा वाजताच टेकडीवर गेली आणि नऊपर्यंत समतल चराचा ठरलेला तुकडा खोदून मोकळी झाली. पाहुणे आले अकराला. मग सगळ्यांना पुन्हा टेकडीवर नेण्यात आले. खोदून झालेल्या चरात मुले उतरली, पाहुण्यांच्या हाती धुतलेले फावडे दिले, मागे बॅनर ताणून धरला. दोन कोपरे दोन मुलींनी धरले होते. बॅनर वर हवा म्हणून त्यांचे चेहरे त्यामागे गेले. बेचाळीस अंशांच्या उन्हात हे दृश्य तीनदा घ्यावे लागले, कारण पहिल्या दोन वेळी अक्षांश-रेखांशाची पट्टी छायाचित्रावर उमटली नव्हती.

सायंकाळी आम्ही त्या मुलाचा मोबाइल चाळला. सकाळी सातचे एक छायाचित्र त्यात होते. गावातला एक म्हातारा आमच्या एका विद्यार्थ्याला कुदळ कशी धरायची ते दाखवतो आहे. मुलगा ओशाळून हसतो आहे. मागे एक मुलगी तळहातावरच्या फोडाला रुमाल बांधते आहे. सात दिवसांत जे काही घडले, ते सगळे त्या एका चौकटीत होते. अहवालात ते गेले नाही. बॅनर दिसत नव्हता.

त्याच दिवशी एका आजीबाईने त्या मुलाला हटकले होते. "माहा फोटू काढला ना रे तू? जाते कुठी तो?" मुलाने सांगितले, कॉलेजात जातो. "मंग नाव नाई लिहत काय त्याच्यावर?" मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही घड्याळाकडे पाहिले.

हे असे का झाले? सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि एक सात दिवसांचे निवासी शिबिर, असा तिचा साधा आराखडा. शिकणाऱ्याने काही दिवस न शिकलेल्याच्या दारात राहावे आणि त्याच्याकडून काही शिकावे, ही त्यामागची धारणा. आपल्या विदर्भात तर या धारणेला स्वतःची परंपरा होती. बाबा आमटे यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी साठच्या दशकाच्या अखेरीपासून भर मे महिन्यात भरत आली. ज्यांचे नाव आमच्या विद्यापीठाने धारण केले आहे, ते गाडगेबाबा गावात शिरताच झाडू लागत आणि कीर्तन रात्री करीत. आधी काम, मग शब्द, हा त्यांचा क्रम. आमच्या शिबिराचा क्रम आधी बॅनर, मग पाहुणे, मग छायाचित्र, आणि वेळ उरल्यास काम, असा होऊ लागला आहे.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची, म्हणजे आपल्या नेहमीच्या 'नॅक'ची, स्थापना १९९४ ची. तिच्या २०१७ च्या सुधारित चौकटीनंतर विस्तारकार्याचे पुरावे संगणकावर चढवण्याची पद्धत रुळली आणि 'जिओ-टॅग' हा शब्द आमच्या स्टाफरूममध्ये 'हजेरीपट' या शब्दाइतका घरगुती झाला. अंक मिळतात कार्यक्रमाच्या संख्येला. कार्यक्रम सिद्ध होतो छायाचित्राने. आणि छायाचित्र सिद्ध होते त्याच्या कडेला छापलेल्या आकड्यांनी. या साखळीत गाव कुठे येते? फक्त अक्षांश-रेखांशात.

यावर एक उत्तर नेहमी मिळते, आणि ते पोकळ नाही. कागदावरची शिबिरे आपल्याकडे झालेली आहेत. खोटे हजेरीपट, खोटी बिले कोणी पाहिली नाहीत? छायाचित्र आणि त्यावरचे स्थळ-काळ यांमुळे निदान गावात जावे तरी लागते, असे आमचे काही सहकारी म्हणतात. मान्य आहे. पण स्थळ-काळाची पट्टी एवढेच सिद्ध करते, की अमुक वेळी अमुक ठिकाणी एक मोबाइल होता. चर किती लांब खोदला, किती खोल खोदला, हे ती सांगत नाही. अकराच्या छायाचित्रात अस्सल अक्षांश-रेखांश होते आणि दृश्य खोटे होते. सातच्या छायाचित्रात ते नव्हते आणि सगळे खरे होते. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ ते २०१९ या उन्हाळ्यांत झाली. तीत आमच्या कारंजा तालुक्यातील गावेही उतरली होती. तेथेही कॅमेरे होते, नव्हे, पुष्कळच होते. पण कामाचे माप घनमीटरमध्ये घेतले जाई, आणि ते माप गावकऱ्यांच्या तोंडी असे. आमच्या एकाही अहवालात चराची लांबी नाही. पावसाळ्यानंतर त्याच जागी परत जाऊन काढलेले एकही छायाचित्र नाही. पुराव्याची एवढी चाड असती, तर ऑगस्टमध्ये चरात पाणी साचले का, हे पाहायला कोणी तरी गेले असते.

आमच्या चर्चासत्रांतील निबंधांत सुझन सॉन्टॅग (ऑन फोटोग्राफी, १९७७) आणि रोलाँ बार्थ (कॅमेरा ल्युसिडा, १९८०) नेमाने येतात. त्यांची नावे घेणारे आम्ही, आमच्याच महाविद्यालयाचा शिबिर अहवाल मात्र कधी 'वाचत' नाही. जगप्रसिद्ध उदाहरणच हवे असेल, तर तेही एका छावणीतलेच आहे. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी एका आईची काही छायाचित्रे घेतली. त्या शासकीय योजनेसाठी काम करीत होत्या. 'मायग्रंट मदर' म्हणून त्यांतील एक अजरामर झाले. ते छापून आल्यावर तळाला अन्नाची मदत पोहोचली. पण तोवर ते कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात निघून गेले होते. लँग यांनी त्या बाईचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले १९७८ मध्ये, म्हणजे ४२ वर्षांनी, आणि तेव्हा त्यांनी नाराजीच बोलून दाखवली. एवढ्या थोर छायाचित्रकाराच्या हातून जे सुटले, ते आमच्या बी.ए. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याकडून सुटले तर त्याला दोष कसा द्यावा? दोष त्याला यादी देणाऱ्यांचा.

नावाची गोष्ट निघाली आहे, तर घरचा दाखला देऊ. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ मध्ये उजेडात आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशीम ताम्रपट आमचे इतिहासाचे सहकारी अभिमानाने सांगतात; वंशावळ संस्कृतात, पुढचा व्यवहार प्राकृतात. त्यात दान मिळालेल्या ब्राह्मणांची नावे, गोत्रे आणि वाटे नोंदलेले आहेत. दिलेल्या गावची जमीन कसणाऱ्यांची नावे त्यात नाहीत. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीचे व्याकरण आणि आमच्या अहवालाचे व्याकरण यांत फरक कोणता? घेणाऱ्याचे नाव, देणाऱ्याचे नाव, राबणाऱ्याचे अनेकवचन. त्या राजाने लोकशाहीची शपथ घेतली नव्हती, एवढे तरी त्याच्या बाजूने म्हणता येते.

जे केवळ अनुल्लेखाने होते, त्याहून वाईटही होते. शिबिरात रक्ततपासणी असते. विदर्भात सिकलसेलची तपासणी आवश्यकच आहे. पण तपासणीच्या टेबलाशी बसलेल्या अविवाहित मुलीचे छायाचित्र गावाच्या व्हॉट्सॲप समूहावर फिरले, की निदान काहीही असो, सोयरीक जुळवणाऱ्यांच्या तोंडी विषय मिळतो. आम्ही एका मुलीला ओढणी चेहऱ्यावर ओढून घेताना पाहिले आहे. छायाचित्रात ती ओढणी आहे. खालची ओळ म्हणते, 'लाभ घेताना'.

आणि तो फोटोवाला? मानोरा तालुक्यातील तांड्यांतून आमच्याकडे शिकायला येणारी मुले आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांची कुटुंबे दिवाळी सरली की घराला कुलूप लावून ऊसतोडीला जातात. असा मुलगा शिबिरात कॅमेऱ्यामागे उभा राहतो, तेव्हा समोर बसलेली बाई त्याच्या मावशीसारखी असते. कधी खरोखरच नात्यातली असते. तिचे नाव, तिचा तांडा, ती यंदा का गेली नाही, हे सगळे त्याला ठाऊक असते. आणि आम्ही त्याला शिकवतो की हिला 'ग्रामस्थ' म्हण. मराठीच्या वर्गात त्याला आम्ही दलित आत्मकथने आणि ग्रामीण कादंबरी शिकवतो, अनुभवाच्या अस्सलपणाविषयी तासन्‌तास बोलतो. आणि ज्या सात दिवसांत त्याच्या हाती स्वतःची नजर येते, नेमके त्याच सात दिवसांत ती काढून घेतो.

काही उतावळे मित्र म्हणतील, शिबिरात कॅमेराच नको. हे आम्हांला मान्य नाही. ते म्हणजे साक्षीदार अडचणीचा म्हणून त्याला गावाबाहेर पाठवणे. आमची मागणी उलट आहे. फोटोवाल्याने रोज पहिला तासभर इतरांबरोबर खोदावे. हाताला फोड आलेल्या माणसाला काय टिपायचे ते सांगावे लागत नाही. ज्याचे छायाचित्र घेतले, त्याला आधी विचारावे, नंतर दाखवावे, आणि त्याची हरकत नसेल तर त्याचे नाव त्याच्याच उच्चारात वहीत लिहून घ्यावे. तपासणीच्या खोलीत मोबाइल नेऊ नये. अहवालातील निदान पाच छायाचित्रे त्या विद्यार्थ्याने निवडावीत आणि त्यांखालच्या ओळी त्यानेच लिहाव्यात, पूर्ण क्रियापदासह: कोणी, कोणाबरोबर, किती खोदले. छापील प्रतींचा एक संच गावात परत जावा. पाऊस झाल्यावर त्याच चराशी परत जाणे हा शिबिराचा आठवा दिवस मानावा. यातील एकाही गोष्टीला कोणत्याही परिषदेची मनाई नाही आणि फारसा खर्चही नाही. मनाई आहे ती आमच्या सवयीची. आणि हे काम मराठी विभागाचे आहे, छायाचित्रकाराचे एकट्याचे नव्हे. कारण चित्राखालची ओळ हे आमचेच लेखन आहे, आणि आमच्या हातचे सर्वांत जास्त छापले जाणारे लेखन कदाचित तेच असेल.

मालेगावकडच्या त्या आजीबाईचे छायाचित्र अहवालात आले. डावीकडून तिसरी, 'समारोपप्रसंगी उपस्थित ग्रामस्थ'. या लेखात तिचे नाव द्यावे अशी आमची इच्छा होती, तिची परवानगी घेऊन. ते देता येत नाही, कारण तिने स्वतःहून नावाचा विषय काढल्यानंतरही आम्ही ते विचारले नाही. फोटोवाल्या मुलाला मात्र ते माहीत आहे. त्याने दुसऱ्या दिवशी जाऊन विचारले होते.