एकदम सोप्पं!

बँकेत तेवीस वर्षं काढूनही माझं एक मत शाबूत राहिलं आहे. ज्या गोष्टीची सुरुवात 'एकदम सोप्पं आहे' या तीन शब्दांनी होते, तिच्या वाटेला शहाण्या माणसानं जाऊ नये. कर्जाचा अर्ज भरणं एकदम सोपं आहे, असं मी स्वतः काउंटरच्या आतल्या बाजूनं रोज पंधरा-वीस जणांना सांगतो. तेव्हा या तीन शब्दांची खरी किंमत मला आतून ठाऊक आहे.

तरीही मी फसलो. आणि फसलो तोही सोन्यात नाही, शेअरमध्ये नाही, स्ट्रॉबेरीत!

झालं असं की, ऐन गणपतीच्या दिवसांत आमच्या कन्येनं मोबाइलवर एक गृहस्थ मला दाखवले. या गृहस्थांनी बाजारातली एक स्ट्रॉबेरी घेतली, सुरीनं तिची साल तासली, ती कुंडीतल्या मातीवर ठेवली, वर चिमूटभर माती भुरभुरली आणि टिचकी वाजवली. पुढच्या क्षणी कुंडी लालेलाल! मधले महिने त्या टिचकीत गेले. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून ते म्हणाले, "बघितलंत? एकदम सोप्पं!"

कन्या सहावीत आहे. या वयात माणसाचा टिचकीवर विश्वास असतो. माझा सव्वीस वर्षांपूर्वी गेला, पण सौ. म्हणाली, "एवढं काय, आणा की बी. पोरगी मोबाइलमधून डोकं तरी वर काढेल." हा मुद्दा बिनतोड होता. 199 रुपयांचं पाकीट घरपोच आलं. पाकिटावर निळ्याजर्द स्ट्रॉबेरीचं चित्र होतं. निळी स्ट्रॉबेरी या भूतलावर कुठंच पिकत नाही, हे ज्ञान मला पैसे गेल्यानंतर झालं. ज्ञानाचा आणि पैशाचा हा क्रम आमच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आला आहे.

चहाचे तीस कागदी कप आणले, त्यात माती भरली, बी टाकलं. रोज सकाळी दात घासायच्या आधी कन्या तीस कप मोजून यायची. अठराव्या दिवशी एका कपात हिरवा ठिपका दिसला. घरात आनंदीआनंद. त्या ठिपक्याला आम्ही जपलं, उन्हाबरोबर कप फिरवला, पंख्याचा वारा लागू दिला नाही. बोटभर वाढल्यावर तो तांदुळजा निघाला. भाजी करावी म्हटलं, तर एका रोपाची भाजी चार माणसांना कशी पुरणार? बाकीचे एकोणतीस कप कोरेच राहिले.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येईल. पण रात्री पांघरुणातून आवाज आला, "बाबा, मी मध्ये दोन दिवस पाणी घालायला विसरले ना, म्हणून त्या मेल्या."

माझं भांडण इथून सुरू होतं. एकशे नव्व्याण्णव रुपयांचं मला काही वाटत नाही, लग्नातल्या आहेराचं पाकीटसुद्धा आता तेवढ्यात भागत नाही. पण जे सोपं आहे असं सांगितलं, ते जमलं नाही की माणूस दोष कुणाला देतो? स्वतःला. अवघड परीक्षेत नापास झालेला मुलगा पुन्हा बसतो. 'अरे, हे तर कुणालाही येतं' असं सांगून ज्याला बसवलं, तो नापास झाल्यावर तोंड लपवतो. टिचकीवाल्या गृहस्थांनी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर एकोणतीस खून घातले होते.

म्हणून मी वाचायला बसलो. रिझर्व्ह बँकेची परिपत्रकंसुद्धा मी एवढ्या मन लावून कधी वाचली नसतील. तेव्हा कळलं की स्ट्रॉबेरीच्या बियांना उगवण्याआधी काही आठवडे थंडी खाऊन यावं लागतं. बर्फ पडणाऱ्या मुलखात हे आपोआप होतं, आपल्याकडे बी फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. तिला उजेडही लागतो, खोल पुरलं तर संपलं. आणि एवढं करून उगवलीच, तरी आईसारखी निघेल याची हमी नाही. म्हणून शेतकरी सहसा बियांपासून स्ट्रॉबेरी लावत नाही. तो रोपं लावतो. स्ट्रॉबेरीच्या झाडाला लांब दोऱ्यासारखे फुटवे येतात, ते जमिनीवर पळत जाऊन पुढे मूळ धरतात. त्यांना रनर म्हणतात. त्यातून निघालेलं रोप हुबेहूब आईसारखं.

महाबळेश्वर-पाचगणीला आपण गाडी थांबवून स्ट्रॉबेरी विथ क्रीम खातो आणि 'महाग झाली हो' म्हणतो. ती कशी येते? शेतकरी परदेशातून मातृवृक्ष मागवतो. ('मातृवृक्ष' हा शब्द वितीएवढ्या रोपाला लावतात, हे मराठीचं मोठेपण.) त्यांच्यापासून पावसाळाभर रनर वाढवतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर लावतो, खाली ठिबकच्या नळ्या, वर प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे फळ मातीला टेकून सडत नाही. जागा साडेचार हजार फुटांच्या आसपास उंचीवर. माती तांबडी, रात्री गार. तिथल्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे या फळात त्या डोंगराचाही वाटा आहे हे सरकारनं कागदावर कबूल केलं. आणि आमचे गृहस्थ सांगतात, डोंगर नको, टिचकी पुरे!

आम्ही डोंबिवलीत राहतो. आमच्याकडे हिवाळा म्हणजे पंखा एकवर ठेवण्याचे दिवस. गॅलरी पश्चिमेची, दुपारी दोननंतर लोखंडी ग्रिलवर पापड भाजता येतील अशी. बहुतेक स्ट्रॉबेरीला दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की फुलाचं सुचतं. दिवस मोठे आणि ऊन कडक झालं की ती फळाचा नाद सोडते आणि नुसते रनर सोडत सुटते. मार्चमधला कर्जदार आणि एप्रिलमधली स्ट्रॉबेरी, दोघेही धरायला गेलं की पळतात.

तरी मी रोपं मागवली. आठ. कारण कन्येला त्या खुनांतून निर्दोष सोडवायचं होतं. कुरिअरनं आली तेव्हा तीन वाळली होती, पाच वाचली. लावतानाही गंमत, पानं जिथून फुटतात तो मधला कोंब मातीखाली गेला तर कुजतो आणि फार वर राहिला तर सुकतो. म्हणजे बरोबर मातीच्या रेषेवर. आमच्या शाखेत सही चौकटीच्या रेषेवर मारतात, तेवढ्या काटेकोरपणे मी ती पाच रोपं लावली.

डिसेंबरात गावी लग्न निघालं. आठ दिवस पाणी कोण घालणार? खालच्या मजल्यावरच्या काकू तयार झाल्या, आणि मोबदला म्हणून मी त्यांना दोन रोपं दिली. या व्यवहाराला इतिहासात आधार आहे बरं का! फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच लष्करी इंजिनिअर चिलीच्या किनाऱ्यावर हेरगिरीला गेला होता. परत येताना त्यानं तिथली मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी जहाजावर घेतली. समुद्रात गोडं पाणी मोलाचं, तेही रोपांना घालायचं! 1714 साली तो फ्रान्सला पोचला तेव्हा पाच रोपं जिवंत होती, आणि त्यातली दोन त्यानं पाणी दिल्याबद्दल जहाजावरच्या अधिकाऱ्याला देऊन टाकली. पण पुढे ऐका. ती रोपं निघाली मादी. फुलं यायची, फळ नाही. पुढे उत्तर अमेरिकेची दुसरी जात शेजारी आली तेव्हा कुठं त्यांना फळ धरलं, आणि त्या संकरातून आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी झाली. हा सगळा घोळ एकोणीस वर्षांच्या दुशेन नावाच्या फ्रेंच पोरानं 1766 साली उलगडून लिहिला. दोन खंड, एक महासागर आणि पन्नास वर्षं. एकदम सोप्पं!

जानेवारीच्या आधी आमच्या तीन रोपांना पांढरी फुलं आली. तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या कुठल्या? म्हणून मी कन्येच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन रोज सकाळी फुला-फुलातून फिरवू लागलो. कारण स्ट्रॉबेरीवर जे बारीक ठिपके दिसतात, ती तिची खरी फळं, आणि आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ. ज्या ठिपक्याला पराग मिळत नाही, त्याच्याजवळचा गर फुगत नाही आणि फळ वाकडं होतं. समोरच्या इमारतीतल्या एका सद्गृहस्थांनी मला बनियनवर फुलं रंगवताना बघितलं. तेव्हापासून ते मला लवून नमस्कार करतात आणि लांबून जातात.

फळं आली अकरा. चार बुलबुलानं नेली, मग जाळी आणली. राहिली सात. आता मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, हिशेब न करता गिळणं शक्य नाही. बी 199, कुंड्या 720, माती-कोकोपीट-गांडूळखत 410, रोपं 240, कुरिअर 120, कडुनिंबाचं तेल 150, जाळी 260, ब्रश परत द्यावा लागला तो 20. एकूण 2119. भागिले सात. एका स्ट्रॉबेरीला 302 रुपये 71 पैसे. सौ.चा चेहरा बघून मी कुंड्या आणि जाळी भांडवली खर्चात टाकली आणि पाच वर्षांचा घसारा धरला. तरी 190 रुपये 71 पैसे. रुपये हलले, पण एकाहत्तर पैसे काही हटले नाहीत.

आणि चव? खोटं बोलणार नाही. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही, तोडली त्या घटकेला जेवढी गोडी तेवढीच कायमची. गाडीत बसून लांबच्या गावाला जाणारी म्हणून थोडी आधी तोडावी लागते. आमची देठापर्यंत लाल होऊन तोडलेली होती. पहिली कन्येनं खाल्ली. डोळे मिटून. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बाबा, म्हणजे मी मारल्या नव्हत्या."

तेव्हा लावू नका असं मी म्हणत नाही. खुशाल लावा. लोक म्हणतात, अवघड सांगितलं तर कोण लावेल? अहो, आमची आजी लोणचं शिकवताना कधी सोपं म्हणाली नाही. ती म्हणायची, हात कोरडा ठेव, बरणी उन्हात घाल, मीठ कमी पडलं तर बुरशी येते. नासतं कुठं ते आधी सांगायची. तरी घरोघरी लोणची पडलीच की. टिचकीवाल्यांनी फक्त एवढं करावं, मधले महिने दाखवावेत, वाळलेली तीन रोपं दाखवावीत, तांदुळजा दाखवावा.

हे सगळं मी परवा जिन्यात उभं राहून खालच्या काकूंना तावातावानं सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला गॅलरीत नेलं. गॅलरी पूर्वेची, सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. रंगाच्या जुन्या डब्यात माझी ती दोन रोपं. जाळी नाही, ब्रश नाही. मी मोजल्या. चौदा होत्या, आणि खाऊन झालेल्या वेगळ्या.

"मी काही केलं नाही हो," काकू म्हणाल्या. "तांदूळ धुतलेलं पाणी घालते झालं. सोपं असतं."