काळी आणि पांढरी

“बनी तो बनी, नहीं तो परभणी” ही म्हण आमच्या जिल्ह्यांत लहान मुलांच्याहि तोंडीं आहे. तिची भाषाच सांगते कीं ती हैदराबादी अमदानींत घडली. अर्थ मात्र ज्यानें त्यानें आपल्या मनाप्रमाणें लावून घेतला आहे. एक म्हणतो, “परमुलखांत जमलें तर उत्तमच, न जमलें तर आपली परभणी आहेच, तिची काळी जमीन कोणास उपाशी ठेवीत नाहीं.” दुसरा म्हणतो, “ज्याचें कोठेंच जमत नाहीं त्यानें परभणीस जावें.” एकाच वाक्यांत एकास माहेर दिसतें आणि दुसऱ्यास हद्दपारी. आपण राहतों त्या गांवाविषयीं बोलतांना माणसाचें बहुधा असेंच होतें. पाहुण्यापुढें आपण गांवाची स्तुति करतों आणि पाहुणा गेल्यावर त्याच गांवाच्या नांवानें बोटें मोडतों.

ताडकळस हें पूर्णा तालुक्यांतील गांव. रेल्वे परभणीहून पूर्णा जंक्शनाकडे जाते ती आमच्या गांवास स्पर्श न करितां. दक्षिणेस गोदावरी वाहते, तीहि आपल्याच तंद्रींत. गांवांत पोलीस ठाणें आहे, शेतमालाची बाजार समिति आहे आणि आजूबाजूच्या खेड्यांचें येणेंजाणें आहे. मुद्दाम पाहावयास यावें असें कांहीं आहे काय, असें कोणीं विचारलें तर उत्तर देतांना थोडें थांबावें लागतें. तरीहि २०२० सालीं टाळेबंदी झाली आणि शहरांतील मंडळी आपापल्या गांवीं परतली, तेव्हांपासून आमच्या नात्यांतील पुण्या-मुंबईकडील तरुण जोडपीं एक प्रश्न वारंवार विचारूं लागलीं आहेत. कचेरीचें काम आतां घरबसल्या करतां येतें. मग वाडवडिलांच्या गांवीं येऊन राहिलें तर कसें? सुखें कोणतीं आणि गैरसोयी कोणत्या, तें एकदां नीट सांगा. प्रश्न सरळ आहे. उत्तर तितकें सरळ देतां येत नाहीं, म्हणून यंदाचा लेख त्यासच वाहिला आहे.

जुन्या व्यवहारांत गांवाचे दोन भाग मानीत असत. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या मातीचीं घरें पडून, त्यांत चुलींची राख मिसळून वस्तीखालची माती फिकट होते, म्हणून तिला हें नांव. पैठण आणि तेर येथील प्राचीन नगरांचे अवशेष संशोधकांस सांपडले ते अशाच पांढरीच्या टेकाडांत. गांवचें सुख आणि दुःख समजून घ्यावयाचें असेल तर या दोन मातींपासूनच आरंभ करावा, असें मला वाटतें.

प्रथम काळी. दख्खनच्या काळ्या खडकाची युगानुयुगें झीज होऊन ही माती बनली आहे. तिचा चिकण कण पाणी पिऊन फुगतो आणि वाळला म्हणजे आकसतो. पावसाळा सरल्यावर पोटांत सांठविलेल्या ओलीवर ती रब्बीची ज्वारी पिकविते. हें तिचें औदार्य. श्रावणांत तिच्यावरून चालूं जावें तर प्रत्येक पावलागणिक शेरभर चिखल तळव्यास चिकटतो आणि वहाणा हातांत घ्याव्या लागतात. वैशाखांत तिला अशा भेगा पडतात कीं पोराचा हात कोपरापर्यंत आंत जावा. घराचा पाया तिच्यावर स्वस्थ बसत नाहीं. रस्ताहि बसत नाहीं, कारण खालची माती वर्षांतून एकदां फुगते आणि एकदां आकसते, व वरच्या डांबरास ही कसरत सोसवत नाहीं. ज्वारीची स्तुति करणारा आणि रस्त्याची निंदा करणारा हे दोघे वस्तुतः एकाच मातीविषयीं बोलत असतात.

त्या मातीचें एक सुख मात्र निर्भेळ आहे. पौषांतील थंड सकाळीं शेतांत आगटी पेटवावी, गोवऱ्यांच्या आरावर ज्वारीचीं कोवळीं कणसें भाजावीं, हातावर चोळून गरम हुरडा पाहुण्याच्या ओंजळींत घालावा, आणि सोबत गूळ व तिळाची चटणी असावी. परभणीस १९७२ सालीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें. तेथील संशोधकांनीं रब्बी ज्वारीच्या एका वाणास ‘परभणी मोती’ असें नांव दिलें, तें दाणे पाहून सार्थ वाटतें. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत सोयाबीन आलें. खरिपांतील ज्वारी त्यानें जवळजवळ हुसकून लावली, आणि रब्बीची ज्वारीहि पूर्वींइतकी राहिली नाहीं. सोयाबीनला बाजारांत रोख पैसा मिळतो, म्हणून शेतकऱ्यास दोष देतां येत नाहीं. पण ज्वारी कमी झाली म्हणजे कडबा कमी होतो, कडबा कमी झाला म्हणजे गोठा रिकामा होतो, आणि गोठा रिकामा झाला म्हणजे घरचें दूधहि जातें. शहरांतील आप्तांच्या मनांत जें गांव आहे त्यांत हुरडा, ताक आणि बैलगाडी आहे. त्यांनीं येण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें कीं त्या गांवाचा बराचसा भाग आतां आठवणींतच उरला आहे.

आतां पांढरी. आमच्या भागांतील जुनीं घरें माळवदाचीं. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. चैत्र-वैशाखांत बाहेर पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो, तेव्हां अशा घराच्या माजघरांत शिरतांच विहिरींत उतरल्यासारखा गारवा लागतो. विजेचा पंखा नसतां दुपारची झोप येते. या सुखाची स्तुति करावी तितकी थोडीच. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारें दहा हजार माणसें झोपेंतच गेलीं, तीं बहुतांशीं याच गारव्याच्या ओझ्याखालीं. धरणी हलली खरी, पण प्राण घेतला तो अंगावर कोसळलेल्या जड छपरानें आणि भिंतींनीं. पुढें २०२४ सालीं २१ मार्च रोजीं आणि पुन्हां १० जुलै रोजीं शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत धक्के बसले, ते परभणी-नांदेडकडेहि जाणवले. ज्यांस परवडलें त्यांनीं माळवदें उतरवून सिमेंटचीं घरें बांधलीं. तीं योग्य तऱ्हेनें बांधलीं तर अधिक निर्धोक, आणि उन्हाळ्यांत भट्टीसारखीं तापणारीं. ज्यांस परवडलें नाहीं ते अजून गारव्यांत निजतात. वडिलोपार्जित वाड्यांत येऊन राहूं इच्छिणाऱ्यानें प्रथम जाणत्या मनुष्याकडून तुळया आणि भिंती तपासून घ्याव्या. कौतुक मागाहून करावें.

पाण्याची कथाहि अशीच दुहेरी आहे. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतों, आणि नदी जवळ असणें हें मोठें भाग्य असें दूरच्यास वाटतें. परंतु पैठणास जायकवाडीचें धरण १९७६ सालीं कार्यान्वित झाल्यापासून आमच्या गंगेचें पाणी पावसाइतकेंच त्या धरणाच्या दारांवर अवलंबून आहे. अवर्षण पडलें म्हणजे पात्र उघडें पडतें. २०१६ च्या एप्रिलांत शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तें कोणी विसरलेलें नाहीं. आणि अतिवृष्टि झाली म्हणजे तीच नदी शेतांत शिरते. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यानें तेंहि पाहिलें. काढणीस आलेलें सोयाबीन पाण्याखालीं कुजतांना पाहणें हें दुष्काळाहून सोपें नाहीं.

येथें मला एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. गांवच्या गैरसोयी सर्वांच्या वांट्यास सारख्या येत नाहींत. गोदाकांठचें गंगाखेड हें जनाबाईचें गांव. तिच्या अभंगांतील भक्तीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला त्यांत एका बाईच्या दिवसाची कामें दिसतात. दळण, कांडण, पाणी, झाडलोट, शेणी. तें ओझें एकटीस उचलेना म्हणून देवास हात लावावा लागला, असें त्या अभंगांतून ऐकूं येतें. आज पिठाची गिरणी आहे, गॅस आहे. घरोघर नळ देण्याची योजना २०१९ सालीं जाहीर झाली. तरीसुद्धां उन्हाळ्यांत पाणी कोणत्या वेळीं येईल याकडे ज्यांचें लक्ष लागलेलें असतें त्या घरोघरच्या बायकाच. “आमच्या गांवची हवा किती शुद्ध, येथें जिवाला किती स्वस्थता!” असें ओट्यावर बसून म्हणणाऱ्या गृहस्थानें आपल्या स्वस्थतेसाठीं आंत कोण उभें आहे, तें एकदां वळून पाहावें.

माणसांचा शेजार हें खेड्याचें सर्वांत मोठें सुख म्हणून सांगतात, आणि तें खोटें नाहीं. घरांत कोणी आजारी पडलें तर न बोलावतां चार माणसें दारांत उभीं राहतात. मध्यरात्रीं गाडी लागली तर ज्याची असेल तो किल्ली काढून देतो. म्हातारें माणूस दोन दिवस ओट्यावर दिसलें नाहीं तर विचारपूस होते. शहरांतल्या बंद दारामागें हें घडेलच असें नाहीं. परंतु ज्या डोळ्यांस म्हातारा दिसला नाहीं हें कळतें, त्याच डोळ्यांस तरुण मुलगी कोणाशीं बोलली हेंहि कळतें. आपुलकी आणि पाळत या सख्ख्या बहिणी आहेत. मुलग्यास त्यांतली थोरली भेटते, मुलीस बहुधा धाकटी. आणि मध्यरात्रीं गाडी मिळाली तरी ती न्यावयाची कोठें? अवघडलेली बाई असो कीं छातींत कळ आलेला म्हातारा, मोठ्या उपचारांसाठीं परभणी किंवा नांदेड गांठावें लागतें, आणि त्या वेळीं काळ्या मातीवरच्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा मोजला जातो.

जे येथून गेले ते सर्वच सुखाच्या शोधांत गेले असें मात्र समजूं नये. १९४७-४८ च्या रझाकारी धामधुमींत मराठवाड्यांतील कित्येक कुटुंबांस घरदार सोडून सरहद्दीपलीकडे जावें लागलें. १९५० च्या हैदराबाद कूळकायद्यानें जमिनीचे जुने संबंध बदलले, आणि तो बदल न्यायाचाच होता. त्यानंतर शिक्षण आणि नोकरी यांनीं उरलेल्यांस ओढून नेलें. त्यांना नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. एवढें मात्र खरें कीं ज्यास केव्हांहि निघून जातां येतें त्याला गांवची गैरसोय हा चार गमतीच्या गोष्टींचा विषय होतो, आणि ज्यास जातां येत नाहीं त्याचें तें आयुष्य असतें. म्हणून कोणी “तुमचें गांव कसें आहे?” असें विचारलें कीं, “कोणासाठीं?” असा उलट प्रश्न करावासा वाटतो.

मग या दोन रकान्यांचा हिशेब कसा मांडावा? माझ्या मतें गैरसोयींचे तीन वर्ग करावे. पहिल्या वर्गांतील निसर्गाच्या. वैशाखाचें ऊन आणि श्रावणाचा चिखल यांवर तक्रार करून उपयोग नाहीं. ज्वारी आणि हुरडा ज्यास हवा त्यानें त्या सोसाव्या. दुसऱ्या वर्गांतील माणसांनीं ठेवलेल्या, म्हणून माणसांस दूर करतां येण्याजोग्या. यास एक उदाहरण पुरे. एस.टी.च्या गाडीनें खेड्यांतल्या शाळकरी मुलींस बारावीपर्यंत फुकट नेण्याची सवलत आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांस निम्मेंच भाडें पडतें. या दोन नियमांनीं गांवचें हवापाणी बदललें नाहीं. पण “कॉलेज लांब आहे” आणि “गाडीभाड्यास पैसे नाहींत” या दोन सबबींपैकीं एक तरी घराघरांतून गेली. गाडी वेळेवर आली तर मुलगी शिकते, न आली तर तिचें लग्न ठरतें; इतकें एका गाडीवर अवलंबून असतें. रस्ता, दवाखाना आणि पाणी हीं याच वर्गांतलीं. तीं सोसणें हें सहनशीलतेचें लक्षण मानूं नये. अर्ज करावे, पाठपुरावा करावा, ग्रामसभेस जावें, आणि बायकांनीं तर अवश्य जावें.

तिसऱ्या वर्गांतील गैरसोयी आमच्या स्वभावांतल्या. पाळत, कुजबूज, कोणाच्या विहिरीवर आणि कोणाच्या ओट्यावर कोणीं यावें याचे जुने हिशेब. हे दूर करण्यास सरकारी मंजुरी लागत नाहीं. लागतो तो थोडा मनाचा मोठेपणा, आणि दुष्काळांत पाण्याइतकीच त्याचीहि टंचाई भासते.

शहरांतून येऊं इच्छिणाऱ्या तरुण मंडळीस माझें सांगणें एवढेंच. हवा शुद्ध आहे म्हणून येऊं नका. ती आठ दिवसांत अंगवळणीं पडते आणि मग तिचें सुख वाटेनासें होतें. जुन्या आठवणींसाठींहि येऊं नका. तुम्हांस लिहितां-बोलतां येतें, कचेऱ्यांच्या वाटा ठाऊक आहेत. तें बळ दुसऱ्या वर्गांतील गैरसोयींवर गांवकऱ्यांच्या बरोबरीनें खर्च करण्याची तयारी असेल तर अवश्य या. पावसाळ्याचे चार महिने आणि उन्हाळ्याचे चार महिने आधीं राहून पाहा, घरांतल्या बाईच्या दिवसाचें वेळापत्रक दोघांनीं मिळून आंखा, आणि मगच शहरांतलें बिऱ्हाड मोडा. हिवाळा आम्ही हिशेबांत धरीत नाहीं. त्या दिवसांत आभाळ स्वच्छ असतें, शेतांत आगटी पेटलेली असते, आणि ताडकळसची निंदा करण्यास कोणासहि सवड नसते.