हप्त्यांवरची समृद्धी

मेहकर, सिंदखेडराजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आणि त्यावरील मोठ्या मोटारी हाच बुलढाण्याच्या सुबत्तेचा पुरावा मानला जाऊ लागला. २०२४-२५ मध्ये देशात विकलेल्या प्रवासी मोटारींपैकी सुमारे ६५ टक्के 'एसयूव्ही' व तत्सम होत्या. ही सुबत्ता नव्हे. लहान मोटारीचा ग्राहकच महागाईने मागे रेटला गेला. मोठ्या मोटारीला सात वर्षांच्या हप्त्यांनी कर्ज मिळते, कारण मोटार हेच तारण. ती धंद्याच्या नावे घेतली की व्याज आणि घसारा करपात्र उत्पन्नातून वजा. ऐषारामाचा काही भार सरकारी तिजोरीवर! कापूस-सोयाबीन पिकवणारा थकबाकीदार कोरडवाहू शेतकरी मात्र बँकेतून परततो आणि सावकाराचे दार ठोठावतो. पेरणीपेक्षा मोटारीची पत मोठी ठरवणाऱ्या व्यवस्थेला समृद्धी म्हणणे ही शुद्ध वंचना आहे.