पगाराची जागा आणि अधिकाराची जागा

घरातील मुलास किंवा मुलीस नोकरी लागली की आपल्या कुटुंबांत आनंद होतो, आणि तो रास्तच आहे. परंतु नोकरी लागली म्हणजे प्रश्न सुटला, ही समजूत घातक आहे. राबणाराची जागा आम्हांस देताना हा समाज फारशी खळखळ करीत नाही. हुकूम देणाराची जागा देण्याची वेळ आली म्हणजे मात्र त्याचा हात आखडतो. पगार मिळणे निराळे आणि अधिकार मिळणे निराळे, हा भेद आपण नीट ओळखला पाहिजे.

याचा दाखला पुणे शहरातच आहे. चर्मकार समाजात जन्मलेले पालवणकर बाळू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या क्रिकेट मैदानावर महिना तीन-चार रुपयांवर चाकरीस होते. खेळपट्टी झाडावी, तिच्यावर रोलर फिरवावा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत, हे त्यांचे काम. त्यातून ते देशातील पहिल्या प्रतीचे गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी मिळविले. हिंदू संघास त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. आणि कर्णधारपद? ते त्यांना कधीच देण्यात आले नाही.

१९२० साली बाळूंना डावलण्यात आले, तेव्हा विठ्ठल व शिवराम या त्यांच्या धाकट्या बंधूंनी संघातून खेळण्याचे साफ नाकारले. मग चक्रे फिरली व बाळू उपकर्णधार झाले. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी सामने जिंकले. हेच बाळू १९३७ साली काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले, हे आपण जाणतो. तथापि त्यांच्या अनुभवाचा बोध त्यामुळे कमी होत नाही. गुण त्यांच्यापाशी पंचवीस वर्षे होते. दार उघडले ते मात्र भावांनी एकजुटीने नकार दिला तेव्हा!

आज कचेरीत वेगळे भांडे नाही, पण वेगळी फूटपट्टी आहे. "काम चांगले, परंतु नेतृत्वगुण नाहीत", असा शेरा कोणाच्या वाट्यास वारंवार येतो, याचा विचार करा. असे शेरे मुकाट्याने गिळू नका. सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद त्यास कळविली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले आहे. तेव्हा अहवाल मागा, वाचा, आणि अन्यायाची नोंद असेल तर मुदतीत लेखी हरकत घ्या.

कायद्याची वाटही सरळ नाही. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना १९९० साली मिळाल्या. लगेच १९९२ मध्ये पदोन्नतीतील आरक्षणास न्यायालयाने मनाई केली. १९९५ च्या सत्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ते पुन्हा आणले, तर २००६ च्या निकालाने अपुऱ्या प्रतिनिधित्वाची आकडेवारी देण्याची अट सरकारवर घातली. महाराष्ट्र शासनाचा २००४ चा पदोन्नतीविषयक निर्णय २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. यावरून धडा एकच. वरच्या श्रेणीत आपली माणसे किती, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना आपला हक्क सिद्ध करता येणार नाही. म्हणून प्रत्येक कचेरीतील आपल्या संघटनेने ज्येष्ठता यादी मिळवून तिचा दरवर्षी अभ्यास करावा. खासगी कारखान्यांत तर आरक्षणाचा आधारच नाही. तेथे एकजूट व योग्यता हीच दोन साधने.

आणि योग्यता घरी बसून येत नाही. सभेचे अध्यक्षस्थान, हिशेब, इतिवृत्त, विरोधकाशी शांतपणे वाद घालणे, हे शिक्षण आपल्या विहारांतून व मंडळांतून तरुणांना, विशेषतः तरुणींना, मिळाले पाहिजे. जे वर चढले त्यांनी खालच्यास विभागीय परीक्षेची माहिती द्यावी, पुस्तके द्यावीत, आपला वेळ द्यावा. वर चढून मागे न पाहणारा अधिकारी समाजाच्या काय उपयोगाचा?

बंधुभगिनींनो, मुलांना नोकरी शोधण्यास जरूर शिकवा. पण त्याचबरोबर खुर्चीवर बसून न्यायाने निर्णय देण्यासही शिकवा. अधिकाराची जागा आपणांस मान मिरविण्यासाठी नको आहे. तेथे बसणाराच्या लेखणीवर दुसऱ्या कोणाच्या तरी भाकरीचा निवाडा होत असतो, म्हणून ती हवी आहे.